मास्तरीण सगळ्यांना काठाला लावायची

मास्तरीण कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेली नव्हती. जाळी विणायच्या छपरात ती उंच स्टुलावर बसून पुस्तक वाचून दाखवायची, एवढ्यावरच तिला ते नाव पडलं होतं. खरं सांगायचं तर तिला स्टुलावर चढवण्यात तिच्या आवाजापेक्षा तिच्या हातांचा वाटा मोठा. लग्न होऊन ती त्या तळ्याकाठी आली, इतर बायकांबरोबर जाळी विणायला बसली, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं की हिनं मारलेली गाठ म्हणजे माशांना दिलेली रजा. "हिच्या हातची जाळी बाहेर गेली तर आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय," असं म्हणून बायकांनी तिच्या हातातली लाकडी सुई काढून घेतली आणि पुस्तक दिलं. तिच्या वाटणीच्या ओळी बाकीच्यांनी थोड्या थोड्या विणायच्या, आणि तिनं वाचायचं. दिवसभर गाठी मारून बोटं बधिर होतात, पण त्याच्या कितीतरी आधी डोकं बधिर होतं. ज्यानं ते काम केलंय त्याला हे सांगायला नको.

तळं आपलं म्हणायला तळं. पलीकडचा काठ हवा स्वच्छ असेल तरच दिसायचा, आणि तोही पुसट. छपरातल्या प्रत्येकीचं त्या पाण्यावर कोणी ना कोणी होतं, नवरा, दीर, भाऊ, मुलगा. काहींचं आता नव्हतं.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. मास्तरीण भाबडेपणानं एक कादंबरी वाचत होती, आणि तिच्यात भर वादळात होडी उलटली. आतली माणसं एकामागून एक खाली गेली. लेखकानं हातचं काही राखून ठेवलं नव्हतं. मास्तरणीनं मान वर केली तर छपरात एकही हात हलत नव्हता. थोरल्या आत्यांनी सुई खाली ठेवली, अंगावरचे धागे झटकले आणि त्या घरी चालू लागल्या. आत्या म्हणजे छपरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. त्या उठल्या म्हटल्यावर बाकीच्याही उठल्या. आत्यांचा नवरा याच तळ्यात गेला होता, हे मास्तरणीला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी तिला दारातच गाठलं.

"हे बघ, या छपराखाली पाण्यातलं मरण वाचायचं नाही. दुखण्यानं मरू देत, म्हातारपणानं मरू देत, एकमेकांचे गळे दाबू देत, आमचं काही म्हणणं नाही. पाण्यातलं नको."

"आणि पुस्तकात तसंच लिहिलेलं असलं तर?"

"तू शिकलेली आहेस. बघ काहीतरी."

मास्तरणीनं बघितलं. शहरातून वाचनालयाची गाडी पुस्तकं घेऊन यायची. त्यातलं पुस्तक आलं की ती आदल्या संध्याकाळी घरी बसून पुढचा भाग वाचून ठेवायची आणि जिथं कोणी पाण्यात पडेल तिथं थांबून विचार करायची. जहाजाबरोबर बुडालेला एक कप्तान तिनं पिंपाला धरून किनाऱ्यावर आणला आणि वर त्याला बेकरी काढून दिली. प्रेमभंगानं नदीत उडी टाकणारी एक नायिका पाणी फार गार आहे म्हणून काठावरूनच माघारी पाठवली. दीपगृहाचा एक रखवालदार मूळ पुस्तकात तीन ओळींत संपला होता. त्याला तिनं मोडक्या दारावर उताणा निजवून सलग दोन दिवस तरंगत ठेवला. तो पाण्याशी भांडत नाही, अंग सैल सोडतो, पोटानं श्वास घेतो, असं पदरचं बरंच काही घातलं. मास्तरणीला स्वतःला पोहता येत नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बायकांना हे ठाऊक होतं. पाण्याचं आलं आणि मास्तरणीचा आवाज जरा सैल झाला, नजर पानावरून उचलली गेली, की त्या एकमेकींकडे बघायच्या आणि विणत राहायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. मुलं मात्र तिथंच जाळ्यांच्या ढिगात लोळत मोठी व्हायची आणि ती सगळं खरं मानायची. वाईटाची सुरुवात इथं झाली, पण तेव्हा कोणाच्या मनात तसं आलं नाही. आलं असतं तरी कोणी बोललं नसतं.

मास्तरणीला एकच मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. चालायला लागली तशी ती छपरात असायची आणि पुस्तकातली झाडून सगळी माणसं तिला घरच्यासारखी पाठ होती. मास्तरणीचा नवरा होड्यांच्या फटी बुजवून त्यांना डांबर फासायचं काम करायचा, त्याच्या हातांचा तो वास आंघोळीनंही जायचा नाही, म्हणून तो डांबऱ्या. त्यानं छपरात कधी पाऊल ठेवलं नाही. "तुमच्याकडे माणसं फार तरतात," एवढंच तो म्हणायचा. त्याच्या दृष्टीनं तळ्याला कोणाची ओळख नसते. रोज भेटणाऱ्यालाही ते परक्यासारखंच वागवतं, असं त्याचं मत होतं, आणि ते तो होडी दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला न विचारता ऐकवायचा.

भिंगरी मोठी झाली आणि तिनं होडी धरली. विणलेली जाळी काठाकाठानं असलेल्या वस्त्यांवर पोचवायची, फाटलेली परत आणायची. पुरुषांच्या बरोबरीनं वल्हं मारायची, आणि जिथं पुरुष आभाळाकडे बघून घरी बसायचे तिथं ही निघायची. लोक तिचं कौतुक करायचे. मास्तरणीलाही ते कौतुक गोड लागायचं, आणि त्याच वेळी होडी परत दिसेपर्यंत तिची नजर पाण्यावरून हलायची नाही. आईचं मन, असं म्हणून ती ते बाजूला सारायची.

एका दुपारी भिंगरी नखशिखांत भिजून घरी आली. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते आणि चेहऱ्यावर हसू.

"होडी उलटली गं. पण काही नाही. वरची फळी सुटली होती, ती धरली आणि पडून राहिले. पाण्याशी भांडायचं नाही, अंग सैल सोडायचं, पोटानं श्वास घ्यायचा. तुझा तो दीपगृहवाला नव्हता का? तो दोन दिवस राहिला. मला तर तासभरात मासेवाल्यांनी उचललं."

मास्तरीण टॉवेल घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली. दीपगृहवाल्याचं खरं पान तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्यात दार नव्हतं, श्वास नव्हता, काहीच नव्हतं.

"अगं, ती गोष्ट आहे," ती म्हणाली.

"गोष्टी काय हवेतून येतात? कोणीतरी तसा तरला असेल, म्हणूनच कोणीतरी लिहिलं ना?"

यावर 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. कोणी लिहिलं नाही, मी रचलं, चुलीशी बसून रचलं. मास्तरणीनं तोंड उघडलं, आणि मग तिला वाटलं की या एका वाक्यानं पोरीचं सगळं लहानपण खोटं ठरेल. कप्तान, नायिका, दीपगृहवाला, आणि सगळ्यांत शेवटी आई. तिनं मुलीचे केस पुसले आणि गरम पाणी ठेवलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. डांबऱ्या ऐकत राहिला, हाताला लागलेलं डांबर नखानं खरवडत.

"सांगून टाक तिला," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा."

"मी लहानपणापासून सांगतोय. माझ्या तोंडी लिहिलेलं नसतं, म्हणून ती ऐकत नाही."

दिवस गेले. थंडीच्या तोंडावर गाडीतून एक जाडजूड पुस्तक आलं, तळ्याकाठी राहणाऱ्या तीन बहिणींचं. छपरातल्या बायकांना ते फार आवडलं, कारण थोरली बहीण थेट एकीच्या जावेसारखी कजाग होती. भिंगरीला धाकटी आवडली. धाकटी होडी चालवायची. मास्तरीण संध्याकाळी पुढचं वाचत होती, आणि मध्येच तिनं पुस्तक मिटून त्यावर दोन्ही हात ठेवले. धाकटी जाणार होती. साध्या वाऱ्यात, ओळखीच्या पाण्यात, काठ दिसत असताना.

या वेळी मास्तरणीनं ठरवलं. जसं आहे तसं वाचायचं, भिंगरी समोर बसलेली असताना.

"घरीच बोल की," डांबऱ्या म्हणाला. "छपरात कशाला? आत्यांना काय वाटेल?"

"घरी मी नुसती आई असते. तिथं स्टुलावर बसले की ती ऐकते."

डांबऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. "मग लवकर वाच. पाण्याला तळाचा वास यायला लागलाय."

तो वास मास्तरणीलाही आला होता. तळ खाली कुठंतरी ढवळला की पाणी कुजक्या चिखलासारखं वास मारतं, आणि मग एकदोन दिवसांत वारा उलटतो. पाणकावळे रोज खुंटांवर पंख पसरून बसायचे, ते आता छपराच्या पन्हाळीवर येऊन बसले होते, पाण्याकडे पाठ करून. लव्हाळे हलत नव्हते. सगळं इतकं निवांत होतं की बायका नकळत हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीण स्टुलावर चढली. भिंगरी दाराशी घडी घातलेल्या जाळ्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती. ती जाळी पलीकडच्या काठाला द्यायची होती, पण धाकटीचं काय होतं ते ऐकून मग जाईन म्हणाली. मास्तरणीनं वाचायला सुरुवात केली. होडी काठावरून सुटली. वारा आला. धाकटीनं वळायचं ठरवलं आणि वल्हं हातातून निसटलं.

आत्यांच्या हातातली सुई थांबली.

मास्तरणीला न बघताही ते कळलं. मग शेजारणीची थांबली, मग तिच्या पलीकडच्या बाईची. पुढची ओळ पानावर होती, काळी, छोटीशी. मास्तरणीनं एकदाच मान वर केली. आत्या तिच्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे, अगदी हळूच मान हलवत, नको म्हणून. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर अशी विनवणी मास्तरणीनं कधी पाहिली नव्हती. आणि तिचा आवाज सैल झाला. इतक्या वर्षांची सवय ती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि इथं तर मेल्यानंतर गेली, पण दुसऱ्याच कोणीतरी मेल्यानंतर.

धाकटीनं उलटलेल्या होडीच्या कडेला धरलं, मास्तरणीनं वाचलं. तिनं श्वास सावरला. तेवढ्यात मासे घेऊन परतणाऱ्या दोघांनी तिला पाहिलं आणि वर ओढून घेतलं.

सुया चालू लागल्या. भिंगरीनं मांडीवर थाप मारली.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली, आणि जाळ्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून उठली.

"आज जाऊ नकोस," मास्तरीण स्टुलावरून म्हणाली. "बाबा म्हणत होते, वारा उलटणार."

"बाबा रोजच म्हणतात. दिवेलागणीच्या आत येते."

ती गेली. मास्तरणीला स्टुलावरून उतरून तिच्या मागे धावता आलं असतं. काठावर तिचा हात धरून सगळ्यांदेखत सांगता आलं असतं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. पण पाणी आरशासारखं सपाट होतं, होडी सरळ चालली होती, आणि संध्याकाळी ती आली की घरीच सांगू, शांतपणे सांगू, असं मास्तरणीनं ठरवलं. ती परत स्टुलावर येऊन बसली.

वारा दुपारी उलटला. पाणकावळे सगळे एकदम उठले आणि जमिनीकडे गेले. छपराचे पत्रे वाजायला लागले, तळ्याचा रंग राखेसारखा झाला. बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या, आणि कोणीच मास्तरणीच्या बाजूला उभी राहिना. डांबऱ्या अर्धी डांबरलेली होडी पाण्यात ढकलायला निघाला, त्याला चार माणसांनी धरून ठेवलं.

भिंगरीला पलीकडच्या काठावरच्या लोकांनी शोधून काढलं. वारा पडल्यावर डांबऱ्या जाऊन तिला घेऊन आला. तिच्या दोन्ही हातांच्या नखांत लाकडाचे कण होते. तिनं काहीतरी धरलं होतं, आणि बराच वेळ धरलं होतं. डांबऱ्यानं हे बायकोला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

त्यानंतर छपरात वाचन बंद झालं. मास्तरीण घरी असायची. तळ्याकडची खिडकी तिनं लावून घेतली होती. डांबऱ्या कामावर जायचा, यायचा, जेवायचा. एकमेकांवर चिडावं इतकीही ताकद दोघांत नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. ती दिवसभर फिरून त्याच गोष्टीपाशी यायची: एक ओळ होती, आपल्याला वाचता येत होती, आणि आपण ती वाचली नाही.

वाचनालयाची गाडी पुन्हा आली, तेव्हा गाडीवाल्यानं दारात येऊन पुस्तक मागितलं. मास्तरीण ते आणायला आत गेली आणि बाहेर येईना. शेवटी गाडीवाला म्हणाला, पुढच्या फेरीला द्या, आणि गेला. ती आत जमिनीवर बसली होती. पुस्तक ती ओळ होती तिथंच उघडलं होतं. ती ओळ संपल्यावर पुस्तक संपत नव्हतं. पुढं पानंच पानं होती, मुठीत मावणार नाहीत एवढी.

ही पानं तिनं कधी वाचली नव्हती. नुसती याच पुस्तकातली नव्हे, कुठल्याच पुस्तकातली. माणूस तरलं म्हटल्यावर त्याच्या मागं राहिलेल्यांचं रडगाणं काय करायचं? ते सरळ सोडून द्यावं लागायचं. कप्तानाची बायको, दीपगृहवाल्याची म्हातारी आई, नायिकेचा बाप, ही सगळी माणसं त्या त्या पुस्तकांत पुढं कुठंतरी जगत राहिली होती, आणि कशी जगली हे विचारायला मास्तरीण कधी त्यांच्या दारात गेली नव्हती. तिनं वाचायला सुरुवात केली. दोन पानं वाचली आणि रडू आलं म्हणून थांबली. मग पुन्हा वाचली. डांबऱ्या आला तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता. तो बाजूला येऊन बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मोठ्यानं वाच." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिचं वाचन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती छपरात गेली. बायका विणत होत्या, आणि तिला बघून त्यांनी माना खाली घातल्या. ती स्टुलावर चढली.

"पाण्यातलं आहे," ती म्हणाली. "जशी धाकटी जाते तशी वाचणार आहे. ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं. त्या दिवशी मी खोटं वाचलं."

"ते आम्हाला ठाऊक होतं," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "आम्हीच सांगितलं होतं तुला. मी सांगितलं होतं." त्यांनी सुई खाली ठेवली, पण त्या उठल्या नाहीत. कोणीच उठलं नाही.

मास्तरणीनं ती ओळ वाचली. फार वेळ लागला नाही. एका कोपऱ्यात कोणीतरी तोंडावर हात घेऊन रडत होतं, पण ते थांबेपर्यंत ती थांबली नाही, कारण थांबली असती तर तिथंच संपली असती. पान संपलं. पुढचं सुरू झालं. धाकटीला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकातली आई मागच्या अंगणात जाते. तिथं बादलीत धाकटीचे कपडे भिजत घातलेले असतात. ती ते धुते. रोजच्यासारखे पिळते, वाळत घालते, संध्याकाळी घडी करते. आणि घडी हातात धरल्यावर तिला कळतं की आता त्यांना नुसता साबणाचा वास येतोय. पोरीचा वास आपल्याच हातानं आपण घालवला. ती त्या घडीवर डोकं आपटून घेते.

"मी सदरा धुतला होता," आत्या म्हणाल्या.

मास्तरीण थांबली. आत्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

"खुंटीला होता. माशांचा वास येत होता त्याला. मी म्हटलं, घरी येतील तर घालायला काही स्वच्छ नको का. ते जाऊन चार दिवस झाले होते, मला चांगलं ठाऊक होतं ते गेलेत. तरी धुतला. कोणाला बोलले नाही. म्हटलं, वेडी म्हणतील." त्यांनी बोटांवरून बोटं फिरवली. "म्हणजे दुसऱ्यांचंही असं होतं."

"होतं," मास्तरीण म्हणाली. "इथं लिहिलंय."

"पुढं काय करते ती?"

"बरंच काही करते. बरीच पानं आहेत."

"मग वाच," आत्या म्हणाल्या. "आणि लिहिलंय तसंच वाच. एक अक्षर गाळू नकोस."